ठाणे-नवी मुंबईत राहून एरोस्पेस किंवा अ‍ॅस्ट्रोफिजिक्ससाठी अनुभव कसा गोळा करायचा

दहावीचा रिझल्ट लागला की फोन सुरू होतात. मुलीला एरोस्पेस करायचंय, मुलाला अ‍ॅस्ट्रोफिजिक्स करायचंय, प्रोफाइल बनवायला कुठला कोर्स लावू मॅडम? मी ठाण्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो आणि माझं उत्तरही दरवर्षी तेच असतं, कोर्स नंतर बघू, आधी एक काम हातात घ्या. एकच घ्या, पण असं घ्या की ज्यात काहीतरी मोजायचंय, जे स्वतःच्या हाताने करायचंय आणि अर्धवट न सोडता शेवटपर्यंत नेऊन लिहून काढायचंय. पाच सर्टिफिकिटांपेक्षा असली एक भरलेली वही जास्त कामाची. खाली जे काही लिहिलंय तो ह्याचाच पसारा आहे.

अनुभव नक्की लागतो कुठे

भारतात बी.टेक एरोस्पेसला तुमचा अनुभव कोणी विचारत नाही, हे आधी स्वच्छ सांगते. आयआयटी मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर सगळीकडे जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी (अवकाश विभागाची संस्था, २००७ साली सुरू झाली) तिथेही जेईई अ‍ॅडव्हान्स्डच. अ‍ॅस्ट्रोफिजिक्स नावाची पदवी बारावीनंतर आपल्याकडे फारशी मिळतच नाही, आधी फिजिक्स करायचं आणि मग त्यात वळायचं, म्हणजे आयसर ह्या केंद्राच्या विज्ञान संस्थांना आयएटी ही प्रवेश परीक्षा, भुवनेश्वरची नायसर आणि आपल्या कलिन्याचं सीईबीएस ह्या तशाच संस्थांना नेस्ट परीक्षा, नाहीतर चांगल्या कॉलेजात साधं बी.एस्सी. फिजिक्स, तोही रस्ता उत्तम आहे आणि त्याला कमी लेखू नका.

मग अनुभव कशाला? एक तर बाहेरच्या देशात अर्ज करणार असाल तर तिथे तो थेट विचारतात. दुसरं, आपल्याकडेही बी.एस्सी. किंवा बी.टेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून समर प्रोजेक्ट सुरू होतात, त्यांच्या अर्जात आणि पुढे एम.एस्सी., पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूत तुम्ही स्वतः काय करून बघितलंय यावर बोलणं वळतंच. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. मुलांना आवडतात ते फोटो आणि लॉन्चचे व्हिडिओ, आणि चांद्रयान-३ उतरलं तेव्हा, २३ ऑगस्ट २०२३ ला, कोणाच्या डोळ्यात पाणी आलं नसेल? पण ह्या क्षेत्रात रोजचं काम म्हणजे आकड्यांसोबत बसणं, ग्राफ का वाकडा आला ते शोधणं, तेच मोजमाप पुन्हा घेणं. हे आवडतंय का ते चार वर्षं आणि लाखो रुपये घालायच्या आधी कळलेलं बरं ना.

एरोस्पेस आणि अ‍ॅस्ट्रोफिजिक्स हे एकाच टोपलीत टाकू नका हेही इथेच सांगते. एक इंजिनिअरिंग आहे, हवेचा प्रवाह, स्ट्रक्चर, कंट्रोल, वजन वाचवण्याची मारामारी. दुसरं शुद्ध फिजिक्स, त्यात गणित, स्टॅटिस्टिक्स आणि आजकाल भरपूर कोडिंग. कुठलं आपलं ते बसून ठरत नाही, दोन्हीकडचं एकेक छोटं काम करून बघा, मन कुठे रमतं ते आपोआप कळतं.

जिन्यातला प्रयोग, एरोस्पेसवाल्यांनी इथून सुरू करा

घोडबंदर रोडला, खारघरला, पनवेलला वीस-तीस मजली टॉवरांची काही कमी नाही, तर त्याचा उपयोग करा. बऱ्याच मोबाईलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो (सगळ्यांत नसतो, घरातले दोन-चार फोन तपासा). जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते दाबाचे आकडे दाखवतं आणि फाईल करून देतं. फोनमध्ये सेन्सर नसेल तर बीएमपी-२८० नावाचा छोटासा सेन्सर आणि एक ईएसपी-३२ बोर्ड (कोड टाकता येणारा छोटा कॉम्प्युटरच) ऑनलाईन किंवा लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो, आणि खरं तर तो जोडून कोड लिहिलात तर अजून छान, कारण कॉलेजची मुलं कॅनसॅट (कॅनच्या डब्याएवढा नमुन्याचा उपग्रह) आणि मॉडेल रॉकेटमध्ये उंची मोजायला असाच सेन्सर लावतात.

आता काय करायचं. तळमजल्यावर दाब नोंदवा, मग वर जात प्रत्येक मजल्याला थांबून नोंदवा. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो, म्हणजे ३ मीटरच्या मजल्याला जेमतेम ०.३५. एवढासा फरक, पण सेन्सरला दिसतो. जिन्यात उभं राहून घ्या, लिफ्टच्या आत घेऊ नका कारण लिफ्ट शाफ्टमधली हवा ढकलत जाते आणि दाराची उघडझाप झाली की आकडा उडी मारतो (तो ग्राफही बघण्यासारखा असतो म्हणा, वेगळा काढून ठेवा). आणि वर गेल्यावर घाईने निष्कर्ष काढू नका, परत तळमजल्याला येऊन पुन्हा दाब घ्या. कारण आपल्या अक्षांशाला हवेचा दाब दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखा वरखाली होतो, सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या आसपास जास्त, मधे कमी, आणि हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल असू शकतो, म्हणजे सहा-आठ मजल्यांचा घोळ! तळाचे दोन आकडे वेगळे आले तर मधल्या वेळात दाब किती सरकला ते वजा करावं लागतं.

आता खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यात ३५ डिग्रीला हा प्रयोग केलात आणि अ‍ॅपने काढलेली उंची टेपने मोजलेल्या उंचीशी ताडून बघितलीत तर अ‍ॅपची उंची कमी येईल, ९० मीटरची बिल्डिंग ८४ च्या आसपास दिसेल. सेन्सर खराब नाही. नेहमीचं जे सूत्र वापरतात ते तळाशी १५ डिग्री तापमान आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब धरून बांधलेलं आहे, आणि आपली हवा तापलेली, विरळ, त्यामुळे दर मीटरला दाब कमी घटतो. विमानाचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) ह्याच प्रमाण हवेवर चालतो, आणि तापलेल्या दिवशी विमानाला धावपट्टी जास्त का लागते तेही ह्याच विरळ हवेत आहे. सूत्रात तापमान घालून उंची पुन्हा काढा, टेपच्या मोजमापाशी जुळते का बघा, नाही जुळली तर किती फरकाने आणि का, ते लिहा. दोन-तीन पानांचा हा रिपोर्ट ज्याने स्वतः केलाय तो मुलगा कुठल्याही इंटरव्ह्यूत वीस मिनिटं बोलू शकतो, मी खात्रीने सांगते.

यानंतर ग्लायडर. पातळ थर्माकोल किंवा डेप्रॉनची शीट, नाकाला थोडी प्लास्टिसिन, एवढंच. सोसायटीच्या हॉलमध्ये पंखे बंद करून ठरावीक उंचीवरून हलकेच सोडा, किती लांब गेलं भागिले किती उंचीवरून सोडलं, हा झाला ग्लाइड रेशो आणि स्थिर उड्डाणात तोच लिफ्ट (हवा वर उचलते ते बल) भागिले ड्रॅग (हवा मागे ओढते ते बल). मग नाकातलं वजन थोडं थोडं बदलत गुरुत्वमध्य पुढेमागे करा आणि प्रत्येक जागेला दहाएक वेळा उडवून सरासरी काढा. मागे गेला की नाक वर उचलून गटांगळी खातं, फार पुढे गेला की सरळ खाली डोकं घालतं, मधे कुठेतरी छान जमतं. मोबाईलच्या स्लो मोशनवर शूट करून ट्रॅकर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकेक फ्रेम मोजता येते. नंतर पंखांचं गणित करणाऱ्या एक्सएफएलआर-५ ह्या सॉफ्टवेअरमध्ये तोच पंख काढा आणि कॉम्प्युटरचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा चांगला का येतो ह्यावर डोकं लावा.

वॉटर रॉकेट (बाटलीत पाणी आणि पंपाने दाबलेली हवा) बहुतेक सगळे करतात पण नुसतं उडवून टाळ्या वाजवतात, त्याचा काही उपयोग नाही. पाणी किती भरलं की सर्वात वर जातं ह्याचा ग्राफ काढा, पाव, तिसरा हिस्सा, अर्धी बाटली असं. सोड्याचीच पीईटी बाटली घ्या, पाण्याची साधी बाटली दाब सहन करत नाही, दाब ४ बारच्या वर नेऊ नका, दोरीने लांबून सोडा, धातूचा एकही भाग लावू नका आणि बाटलीला गरम गोंद किंवा चटका लागला असेल तर ती फेका. फटाक्यांची दारू काढून रॉकेट करायचा विचारही करू नका. बोटं जातात, डोळे जातात, आणि ते बेकायदेशीर आहे. कोणी मित्र करत असेल तर त्याला थांबवा.

ड्रोनचं एक सांगायलाच हवं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण रेड झोनमध्ये परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर हा रेड झोन. नवी मुंबई विमानतळ आता चालू झालाय, तेव्हा उलवे, पनवेल, कामोठे, खारघर, सीवूड्सच्या मुलांनी घराबाहेर पडायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय साईटवरचा नकाशा उघडून आपलं मैदान कुठल्या रंगात येतं ते बघायचं. ठाण्यातही कोलशेतला एअर फोर्स स्टेशन आहे, तिथल्या मुलांनाही तेच.

ताऱ्यांकडे जाणाऱ्यांसाठी, वही आणि गच्ची

टेलिस्कोप घेऊन देऊ का, हा पालकांचा दुसरा प्रश्न. नको, निदान पहिल्या वर्षी तरी नको. आमच्या भागात रात्रीचं आकाश कसं असतं ते तुम्हाला माहितीये, पावसाळ्यात चार महिने बंद आणि उरलेल्या काळात नारंगी. पण मोजमाप करायला याच आकाशात पुरेसं मिळतं.

माझं सगळ्यात लाडकं काम अल्गोलचं. ययाती तारकासमूहातला हा तारा दिवाळीनंतर संध्याकाळी ईशान्येला चढलेला असतो, आणि मग डोक्याच्या थोडा उत्तरेला येतो, म्हणजे बिल्डिंगांच्या वर. तो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो, २.१ प्रतीवरून (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ३.४ पर्यंत खाली जातो आणि परत येतो, सगळं मिळून साधारण दहा तासात. दुसरा अंधुक तारा त्याच्या पुढून जातो म्हणून. हे ग्रहणाचं स्पष्टीकरण १७८३ साली इंग्लंडमधल्या जॉन गुडरिकने मांडलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता, त्याला ऐकू येत नव्हतं, आणि त्याच्याकडे होते डोळे, घड्याळ आणि वही. तुमच्या वयाचाच पोरगा, म्हणून मी मुलांना हे नाव मुद्दाम सांगते.

पद्धत अशी. शेजारचे तारे मापाला घ्यायचे, मिरफाक १.८, देवयानीतला अल्माक २.१, ययातीतलाच एप्सिलॉन २.९, कप्पा ३.८. अल्गोल कोणापेक्षा मंद आणि कोणापेक्षा तेजस्वी ते ठरवून मधला आकडा द्यायचा. वहीतली नोंद अशी दिसली पाहिजे:

"रात्री ८:१०, गच्ची, कासारवडवली. थोडं धुरकट, चंद्र नाही. अल्गोल अल्माकपेक्षा स्पष्ट मंद, एप्सिलॉनपेक्षा किंचित तेजस्वी. अंदाज २.७. खात्री मध्यम, खालच्या हॅलोजनचा उजेड डोळ्यावर येत होता."

ती शेवटची ओळ बघा. हॅलोजनवाली. परीक्षकाला, प्राध्यापकाला विश्वास तिथे बसतो, कारण ज्याने खरंच बघितलंय त्यालाच असल्या गोष्टी लिहाव्याशा वाटतात. आणि आकडा मनासारखा आला नाही म्हणून खोडून नवा लिहायचा नाही, कधीच नाही, रेघ मारून बाजूला कारण लिहायचं. दर तिसऱ्या दिवशी किमान तेजाची वेळ ३ तास ११ मिनिटं आधी सरकते, त्यामुळे आज रात्री एकला असेल तर पुढची दहाच्या सुमारास आणि त्याच्या पुढची सातच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळच्या दोन-तीन संधी लागोपाठ मिळतात आणि मग मोठी गॅप पडते. आधी वेळापत्रक करा, परीक्षांच्या तारखा त्यावर टाका. एका सीझनचा डेटा झाला की अल्गोलचा पीरियड (एकदा मंद झाल्यापासून पुन्हा मंद होईपर्यंतचा काळ) स्वतः काढा. अशी निरीक्षणं जगभरातून गोळा करणारी एएव्हीएसओ नावाची संस्था १९११ पासून आहे, हौशी लोकांच्या नोंदी ते घेतात, तिथे पाठवायला लागलात की तुमची नोंद खऱ्या विज्ञानाच्या कामी येते.

घरात दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण (बायनॉक्युलर) असेल, १० बाय ५० सारखी साधी, तर स्टँडवर किंवा गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरूचे चंद्र बघा. रोज एकाच वेळी, गुरूच्या डावीउजवीकडे किती अंतरावर कोण आहे त्याचं चित्र. कॅलिस्टोला फेरीला १६.७ दिवस, गॅनिमिडला ७.१५, युरोपाला ३.५५, आयोला १.७७. ग्राफ काढला की केप्लरचा तिसरा नियम (फेरीचा काळ आणि अंतर यांचं नातं) तुमच्या वहीतून बाहेर येतो, आणि अंतरं माहीत असतील तर गुरूचं वस्तुमानही. शून्य सावलीचा दिवसही (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) आहेच, ठाण्यात मे महिन्याच्या मध्याला (जुलै अखेरचा ढगात जातो), त्या दिवशी दुसऱ्या शहरातल्या भावंडाला त्याच दुपारी काठीची सावली मोजायला सांगा, पृथ्वीचा परीघ काढता येतो.

आणि ज्यांचं आकाश अगदीच मेलंय त्यांनी कॉम्प्युटरवर बसा. ताऱ्यापुढून ग्रह जाताना उजेड किती कमी होतो ते टिपणाऱ्या केपलर आणि टेस या अवकाश दुर्बिणींचा डेटा सगळ्यांना खुला आहे. पायथॉनमध्ये लाइटकर्व्ह नावाची लायब्ररी आहे, गूगल कोलॅबवर (म्हणजे ब्राउझरमध्येच) चालते, लॅपटॉप भारी असायची गरज नाही. ताऱ्याचा उजेड १ टक्क्याने कमी होत असेल तर ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, कारण झाकलं जातं ते क्षेत्रफळ, म्हणून वर्गमूळ घ्यायचं. सूर्यापुढून पृथ्वी गेली तर घट ०.००८ टक्के, ह्यावरून कळतं की पृथ्वीसारखा ग्रह शोधणं इतकं कठीण का. इस्रोच्या चांद्रयान-२ आणि आदित्य-एल१ चा डेटाही प्रदान पोर्टलवर नोंदणी करून मिळतो. आपल्याकडचा रॅड@होम नावाचा उपक्रम आहे, त्यात जीएमआरटीच्या (खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण, पुढे येतेच) रेडिओ चित्रांमधून आकाशगंगा शोधायला शिकवतात, आणि आयएएससी ह्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात शाळा-कॉलेजच्या टीमला लघुग्रह शोधायला खरे फोटो देतात, फुकट. ह्यात एक सावधगिरी, "मी लघुग्रह शोधला" असं लगेच गावभर करू नका, प्राथमिक नोंद आणि अधिकृत शोध यांत वर्षांचं अंतर असतं, जे झालंय तेवढंच लिहा.

आपल्या जवळ काय आहे

हे लोक विसरतात, की आपण अगदी मोक्याच्या जागी राहतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे, वाशीची खाडी ओलांडली की पहिलं स्टेशन. खगोलशास्त्र ऑलिंपियाडचं देशातलं सगळं काम तिथून चालतं. आधी आयएपीटीची (फिजिक्स शिक्षकांची संघटना) एनएसईए ही खगोलशास्त्राची परीक्षा, ती साधारण नोव्हेंबरात, मग दुसरी फेरी, मग मानखुर्दला कॅम्प आणि तिथून आंतरराष्ट्रीय स्पर्धेची टीम. २०२५ साली ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईतच झाली. निवड होवो न होवो, जुने पेपर केंद्राच्या साईटवर आहेत, त्यातले डेटा अ‍ॅनालिसिसचे प्रश्न सोडवा, माझ्या मते अकरावीच्या मुलाला अ‍ॅस्ट्रोफिजिक्सची चव देणारं ह्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. कॉलेजला गेल्यावर त्याच केंद्राचा निअस कार्यक्रम बघा, पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी.

आकाशदर्शनाला खगोल मंडळ ही संस्था आहे, त्यांचे थंडीत वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम असतात, कर्जत लाईनला बदलापूरच्या पुढे. एकदा जा आणि पुढच्या वेळी मदतनीस म्हणून जा, लोकांना तारे दाखवायला लागलं की आपल्याला किती येतं ते कळतं. वरळीचं नेहरू तारांगण आहेच.

खोडदचं जीएमआरटी मात्र एकदा तरी बघायलाच हवं. कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढलं की ओतूर, मग नारायणगाव आणि तिथून खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मधोमध आणि बाकी १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या आसपास, तिथे लोकांसाठी खुलं असतं, शाळा-कॉलेजची मुलं आपले प्रोजेक्टही मांडतात. मोबाईल बंद ठेवायला सांगतात ते नियमासाठी नियम म्हणून नाही, दूरच्या आकाशगंगेच्या सिग्नलपुढे तुमचा फोन म्हणजे प्रचंड गोंगाट असतो. तिथल्या माणसांना प्रश्न विचारा, ते वैतागत नाहीत, मुलं खरंच तयारी करून आली की खूप वेळ देतात.

पवईला आयआयटी. तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला प्रथम हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला, वजन जेमतेम १० किलो, आणि काम सुरू झालं होतं २००७ ला. म्हणजे ज्यांनी सुरू केलं ते कधीच पास होऊन गेले होते आणि मागच्या बॅचने जे लिहून ठेवलं त्यावर पुढच्या बॅचने काम केलं. मी वहीच्या मागे का लागते ते इथे समजेल.

नववीतल्या मुलांसाठी इस्रोचं युविका शिबिर, २०१९ पासून, दोन आठवड्यांचं असतं. निवडीत आठवीचे मार्क, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, एनसीसी-स्काउट असं बरंच धरतात आणि ग्रामीण शाळांना वेटेज असतं, त्यामुळे शहरातल्या मुलांनी अर्ज जरूर करावा पण त्यावरच भिस्त ठेवू नये. कॉलेजच्या मुलांना इन-स्पेस ह्या सरकारी अवकाश संस्थेची कॅनसॅट आणि मॉडेल रॉकेट्री स्पर्धा.

पैसे कुठे घालू नयेत

पालकांनी हे वाचावं. परदेशातल्या अवकाश केंद्राची लाखोंची ट्रिप ही सहल आहे, मजा येईल, पण अर्जात तिचं वजन शून्य. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं इंटर्नशिप सर्टिफिकेट, पैसे भरून छापून दिलेला रिसर्च पेपर, ताऱ्याला मुलाचं नाव, हे सगळं ओळखणारे लोक ओळखतात आणि मग बाकी खऱ्या गोष्टींवरही शंका येते. पेपर तर मुळीच नको. अकरावीच्या मुलाकडून कोणी पेपरची अपेक्षा करत नाही.

वेळ कधी काढायचा

दहावीची परीक्षा संपते मार्चमध्ये आणि अकरावी खऱ्या अर्थाने सुरू होते पावसाळ्यात, हा काळ सोनं आहे, तो फाउंडेशन बॅचमध्ये पूर्ण घालवू नका. पायथॉन आणि जिन्यातला दाबाचा प्रयोग ह्याच सुट्टीत. अकरावीत आठवड्याला दोन तास, अल्गोलला तेवढे पुरतात. बारावीत जेईई देणार असाल तर नवीन काही सुरू करू नका, असलेलं लिहून काढा, आणि अभ्यास मागे पडत असेल तर वही बंद करून अभ्यासाला बसा, हेही मीच सांगतेय, कारण गणित-फिजिक्स कच्चं राहिलं तर बाकी कशाने भरून निघत नाही.

प्राध्यापकांना मेल टाकायचा असेल तर शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. एकाला लिहा, त्यांचं काम वाचून, आठ-दहा ओळींत, तुम्ही काय मोजलं, कुठे अडलात आणि नेमका प्रश्न काय. ग्राफ जोडा. "मला तुमच्या हाताखाली काम करायचंय" ह्याला उत्तर येत नाही, "माझी उंची तापमान घालूनही थोडी कमी येतेय, दमटपणामुळे असेल का" ह्याला बऱ्याचदा येतं.

बाहेर अर्ज करणार असाल तर

इंग्लंडच्या यूकॅस अर्जात (तिथल्या विद्यापीठांचा एकत्र प्रवेश अर्ज) २०२६ च्या प्रवेशापासून लांबलचक निबंध गेला आणि तीन प्रश्न आले, हा विषय का, अभ्यासातून काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व ते कसं उपयोगी पडलं. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, स्पेस धरून. इथे "लहानपणापासून ताऱ्यांचं आकर्षण" ह्यावर एक ओळही खर्चू नका. काय केलं, काय अनपेक्षित आलं, त्यातून पुढे काय वाचलं, एवढंच. केंब्रिज आणि इम्पिरिअलला ईसॅट परीक्षाही असते. अमेरिकेच्या कॉमन अ‍ॅपमध्ये दहा अ‍ॅक्टिव्हिटी आणि प्रत्येकीला १५० अक्षरं, म्हणजे "१ सीझन अल्गोल निरीक्षण, पीरियड काढला, चूक इतकी" असं नेमकंच मावतं. दहाही रकाने भरलेच पाहिजेत असं नाही. आणि अमेरिकेत एरोस्पेस करणाऱ्यांनी आधीच माहीत करून घ्या की तिथल्या रॉकेट कंपन्यांत आणि सरकारी अवकाश कामात एक्स्पोर्ट कंट्रोलच्या (तंत्रज्ञान परदेशी हातात जाऊ नये म्हणून केलेल्या) कायद्यांमुळे परदेशी नागरिकाला नोकरी मिळणं फार अवघड आहे. एज्युकेशन लोन काढायच्या आधी हे घरात बसून बोला.

तारखा डोळ्यासमोर ठेवा. ऑक्सफर्ड-केंब्रिजला १५ ऑक्टोबर, नेदरलँड्सच्या डेल्फ्टला एरोस्पेससाठी १५ जानेवारी, बाकीच्या बहुतेक जानेवारीतच. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना आदल्या आठवड्यात गाठू नका, दोन महिने आधी वही नेऊन द्या, त्यांना तुमच्याबद्दल लिहायला काहीतरी हातात असू दे. आणि यूकॅसला बारावीचे अंदाजित मार्क कॉलेजने द्यावे लागतात, आपल्याकडच्या बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांना ह्याची सवय नसते, त्यामुळे बारावीच्या जुलैमध्येच प्राचार्यांना भेटा, फॉर्मची प्रिंट सोबत न्या, आणि अकरावीच्या युनिट टेस्टपासूनचे सगळे मार्क एका कागदावर लिहून न्या.